टाचेवरचा बिब्बा

निघायच्या दिवशी सकाळी माझे दोन्ही पाय मायच्या मांडीवर होते आणि बाहेर नाना, म्हणजे माझे वडील, जीपचा हॉर्न वाजवून वाजवून सगळी गल्ली गोळा करत होते. माय काही हलेना. चुलीपुढं बसून तिनं दाभणाच्या टोकाला एक बिब्बा टोचला, जाळावर धरला, आणि काळं तेल सुटायला लागलं तसं ते माझ्या टाचेच्या भेगांत एकेक ठिपका करत सोडत गेली. चर्र व्हायचं. मी ओरडलो की म्हणायची, इथंच ओरडून घे, तिकडं गोळी लागली तर ओरडता यायचं नाही. शेजारची सुमनअक्का दारात उभी राहून हसत होती. एकोणीस वर्षांचा घोडा, फौजेच्या भरतीत पास झालेला, आणि मायच्या मांडीवर पाय टाकून किंचाळतोय म्हटल्यावर ती तरी दुसरं काय करणार.

ज्यांना बिब्बा माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. गावातून पुण्या-सुरतेला गेलेल्यांच्या पोरांना माहीत नसणारच. आमचं गाव शिरपूरच्या वर, सातपुडा दिसतो तिथं. डोंगरातल्या बाया शिरपूरच्या बाजारात बिब्बे विकायला आणतात. काळं, चपटं, चिंचोक्याहून मोठं बी. त्यातलं तेल म्हणजे आगच. मेलेल्या, कडक कातडीवर औषध आणि मऊ कातडीवर विष. नुसत्या धुरानंही काहींच्या अंगावर उततं, तोंड सुजून भोपळा होतो. शाळेत आम्हाला 'बिब्बा घालणे' म्हणजे चांगलं चाललेलं काम बिघडवणे असं शिकवलं होतं, आणि इकडं आमच्या ओट्यावर बाया मायकडून बिब्बा घालून घ्यायला बसलेल्या असायच्या.

माय कापूस वेचायला जायची, बाकीच्या बायाही. काळ्या जमिनीत अनवाणी, हिवाळ्यात टाचा अशा फाटायच्या की भेगेत रुपया उभा राहील. मग रविवारी दुपारी ओट्यावर एकेक पाय मायपुढं यायचा. ती आधी पाय उजेडाकडं वळवायची, अंगठ्यानं दाबून बघायची, कातडी कडक आहे की आत ओल आहे ते ताडायची. ओल दिसली तर सरळ उठवायची, जा खोबरेल लाव म्हणायची. नव्या बाईला आधी एकच ठिपका आणि दुसऱ्या दिवशी बोलावणं. तिच्या हातून कधी कुणाला बिब्बा उतला नाही. गावात डॉक्टर आठवड्यातून दोनदा यायचा, पण टाचेचं काम मायचंच होतं आणि तिला त्याचा चांगलाच ताठा होता. असू दे की, दुसरं कसलं मोठेपण तिला कुणी दिलं होतं?

जीपमध्ये बसताना ती एवढंच म्हणाली, "पाय जपजो रे पोऱ्या. पाय शेतस तं बठ्ठं शे." पाय आहेत तर सगळं आहे. बॅगेच्या बाजूच्या कप्प्यात चिंधीत बांधलेले बिब्बे तिनं आधीच कोंबून ठेवले होते. नानांची जीप म्हणजे काळी-पिवळी, गाव ते शिरपूर. मला वाटलं, आज तरी मला एकट्याला घेऊन जातील. कसलं काय. नेहमीसारखी माणसं कोंबली, मला पुढं बसवलं, रस्ताभर भाडं गोळा केलं, आणि चढणाऱ्या प्रत्येकाला सांगितलं की पोरगा फौजेत चालला. शिरपूरच्या स्टँडवर उतरल्यावर मात्र नुसते माझी बॅग सारखी करत राहिले. पाण्याची बाटली घेतली का, असं विचारलं. घेतली म्हटलं. मग पुन्हा तेच विचारलं.

एसटीनं जळगाव, आणि जळगावहून रेल्वेनं मध्य प्रदेश. स्टेशनवर भूषण भेटला, जळगावातल्याच मेहरूणचा, माझ्याच भरतीतला. त्याचे आईवडील, मावशी, मामा असं अर्धं मेहरूण त्याला सोडायला आलेलं. पोरगा गोरागोमटा, पायात महागडे स्पोर्ट्स शूज. मी मनात म्हटलं, हा आठ दिवसांत रडत परत येतो बघ. भरतीच्या मैदानावर मी अनवाणी पळून पहिल्या पोरांत आलो होतो. गावच्या पाटाच्या रस्त्यावर रोज पहाटे अनवाणीच पळायचो. माझ्या पायांचा मला माज होता. मायचंच रक्त.

तो माज ट्रेनिंग सेंटरच्या स्टोअरमध्ये उतरला. बुटाचा नंबर विचारल्यावर मी ठोकून दिलं, आठ. धुळ्याहून घेतलेले कॅनव्हासचे बूट आठचे होते ना. पण जन्मभर अनवाणी चाललेला पाय पुढून पसरतो, बोटं सुटी होतात. आमच्या बोटांना एकमेकांना चिकटून राहायची सवयच नसते. फौजेचा बूट म्हणजे कातड्याचं टणक खोकं, घोट्याच्या वर येणारं, तळवा लाकडासारखा. भूषणनं शहाणपणानं अर्धा नंबर मोठा घेतला, दोन मोजे घालायचे म्हणून. त्याला त्याच्या मामानं सांगितलं होतं. मला कोण सांगणार? आमच्या गल्लीत असा बूट कुणी घातलेलाच नव्हता.

गावातल्या पोरांनो, जे आता पहाटे पाटावर पळताय, तुम्हाला सांगून ठेवतो, कारण मला कुणी सांगितलं नाही. बूट संध्याकाळी घालून बघा, दिवसभर चालून पाय फुगतो तेव्हा. पहिल्या दिवशीच त्यात पळू नका, नुसतं खोलीत फिरा, मग थोडं चाला, मग जास्त. काहीजण बूट ओला करून पायातच वाळवतात. कातडं पायाचा आकार घेतं हे खरं, पण ओल्या मोज्यात टाच सोलून निघते हेही खरं. पातळ मोजा आत, जाड बाहेर. टाच जिथं घासते तिथं आधीच पट्टी लावा, लाल झाल्यावर नाही. फोड आला तर तो फाडू नका. आमचा उस्ताद, म्हणजे ड्रिल शिकवणारा हवालदार, राजस्थानचा होता. तो फोडातून सुईदोरा ओवून दोरा तसाच आत ठेवायला सांगायचा, पाणी हळूहळू निघून जातं म्हणून. आता डॉक्टर म्हणतात तेही करू नका. मी सांगणारा कोण, पण कातडी झाकलेली राहू द्या एवढं लक्षात ठेवा.

हे सगळं शहाणपण नंतरचं. तेव्हा आम्हाला बूट मिळाले आणि दुसऱ्या दिवसापासून ग्राउंड. डावं-उजवं, डावं-उजवं, टाच आपटायची म्हणजे आपटायचीच. पहिल्या आठवड्यात दोन्ही टाचांवर लिंबाएवढे फोड आले. मी कुणाला बोललो नाही. फोड फुटले, मोजा चिकटला, तो ओढून काढला की कातडी मोज्याबरोबर यायची. बॅरेकमध्ये सगळ्यांचीच ही गत होती, संध्याकाळी सगळे लंगडे. फरक एवढाच की भूषणची पोटऱ्या-पाठीची रड होती आणि त्याचे पाय चांगले होते. तो मला पावडर द्यायचा, साबण मोज्याला आतून चोळ म्हणायचा. मी म्हणायचो, राहू दे रे, हे खान्देशी पाय आहेत. तो म्हणायचा, मी काय नागपूरचा आहे का?

दवाखान्यात जायची भीती होती. सिक रिपोर्ट केला की आराम लिहून देतात, आणि आरामाचे दिवस वाढले की पोराला बॅचमधून काढून मागच्या बॅचमध्ये टाकतात. मग सगळं पुन्हा पहिल्यापासून. शेवटी शपथेची परेड असते, कसम परेड म्हणतात, तिला घरचे येतात. नानांनी तोवर गावात सगळ्यांना सांगून टाकलं होतं. माय जळगावच्या पलीकडं कधी गेलेली नाही, ती परेडसाठी नवं लुगडं बघत होती. मला बॅचबरोबरच उभं राहायचं होतं. बास, दुसरं काही नको होतं.

रविवारी फोन मिळायचे, थोडा वेळ. मायकडं नानांचा बटणांचा फोन, त्यात तोंड दिसत नाही. मी म्हटलं, माय, टाचा गेल्या. तर ती सवयीनं म्हणाली, "उजेडमा धर पाय." आम्ही दोघंही हसलो. खूप हसलो. मग तिनं विचारलं, कातडी कशी आहे, कडक आहे ना? मी म्हटलं, अगं माझीच टाच ना, तुला ठाऊक नाही का? तिला ठाऊक होती ती टाच तिनं चुलीपुढं मांडीवर घेतलेली. मलाही तीच आठवत होती. बुटात आठवडे काढून, घामात भिजून ती टाच कधीच पांढरी आणि लिबलिबीत झाली होती, हे मी रोज बघत असून मला दिसलं नाही. माय म्हणाली, मग लाव बिबा, दोन दिवसांत पाय दगड होतो. तिनं पाय एकदा डोळ्यांनी बघितला असता ना, तर मला चुलीपासून उठवून खोबरेल लावायला पाठवलं असतं. पण डोळे शिरपूर तालुक्यात आणि पाय मध्य प्रदेशात, आणि मधे तो बटणांचा फोन.

बॅरेकमध्ये जाळ कुठून आणणार? मी कपड्यांची इस्त्री तापवली. सुईत बिब्बा टोचला आणि इस्त्रीच्या टोकाला टेकवला. धूर निघाला, दोन खाटा पलीकडचा पोरगा खोकायला लागला, भूषण म्हणाला हे काय जाळतोस. मी ऐटीत म्हटलं, आमच्या घरचं औषध आहे, तुझ्या पावडरीचा बाप. ठिपक्या-ठिपक्यांनी दोन्ही टाचांना लावलं. झोंबलं. झोंबणारच, चांगलं औषध झोंबतं, असंच लहानपणापासून ऐकलेलं. वर मोजे चढवले, आणि सकाळी बूट.

पुढचं फार रंगवून सांगत नाही, जेवणाआधी वाचत असाल. सोमवारी दुपारी पाय बुटात मावेना. मंगळवारी घोट्यापर्यंत काळंनिळं होऊन पाणी सुटलं. ते तेल हातांना होतं, हात तोंडाला लागले होते, तर डोळेही सुजून बंद. खाज तर अशी की जीव जावा. बूट कापून काढायला लागला. दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, क्या लगाया? मी म्हटलं, बिब्बा. त्यांना कळेना. ड्रेसिंग करणारा माणूस तिकडचाच होता, त्यानं पाय बघितला आणि म्हणाला, भिलावा है साहब. आणि मग त्यानं डॉक्टरांच्या कानाशी काहीतरी सांगितलं. मला तेव्हा वाटलं, औषध सांगत असेल.

औषध नव्हतं ते. भिलावा मुद्दाम लावून अंगावर जखमा करायच्या आणि ड्युटी चुकवायची, हा म्हणे फार जुना धंदा आहे. मला काय माहीत? आमच्याकडं बिब्बा टाचेला लावतात, लहान पोरांच्या गळ्यात बांधतात, दृष्ट लागू नये म्हणून. कामचुकारीसाठी कुणी अंगावर बिब्बा लावून घेईल हे आमच्या गावात कुणाच्या डोक्यातसुद्धा आलं नसतं. पण संध्याकाळी उस्ताद खाटेजवळ येऊन उभा राहिला आणि त्याचं तोंड बघूनच मला कळलं. तो ओरडला नाही. ओरडला असता तर बरं झालं असतं. तो म्हणाला, ट्रेनिंग नहीं करनी थी तो सीधे बोल देता. मी डोळे उघडायचा प्रयत्न करत होतो आणि ते उघडत नव्हते. मी नुसता नाही सर, नाही सर म्हणत राहिलो, तेही मराठीत.

भूषणनं सांगितलं की कंपनीत चर्चा आहे, मला घरी पाठवणार. मुद्दाम इजा करून घेतली असं ठरलं तर नोकरी संपलीच. वर तसा शिक्का घेऊन गावी जायचं. नाना काळी-पिवळीत बसणाऱ्या प्रत्येकाला काय सांगणार? मी रात्रंदिवस फक्त एवढंच ठरवत होतो की साहेबांना काय सांगायचं. सांगायला होतं काय माझ्याकडं? माझ्या मायनं लाव म्हटलं म्हणून लावलं. हे कुणाला पटेल? मलाच ते बोलताना पोरकट वाटायचं.

मेजर साहेबांनी दोन दिवसांनी बोलावलं. मला धरून नेलं. त्यांनी शांतपणे सगळं ऐकून घेतलं. मी घडाघडा सांगितलं, भेगा, चूल, दाभण, ओट्यावरच्या बाया, इस्त्री. साहेब दक्षिणेकडचे. त्यांनी मायचा नंबर विचारला, स्वतःच्या फोनवरून लावला आणि टेबलावर ठेवला, मोठ्या आवाजात. मी तोंड उघडायचं नाही असं बजावलं. फोन नानांनी उचलला आणि साहेबांचा आवाज ऐकून घाबरून लगेच मायच्या हातात दिला.

"माताजी, आपने बेटे को भिलावा दिया था क्या?"

मायची हिंदी बाजारातली. पण तिचा आवाज असा खुलला, जसा ओट्यावर नवी बाई आली की खुलायचा. "हाँ साहेब, मैंनेच दिया. गरम करके ठिपका ठिपका लगाना पडता. मेरे हात को गुण है साहेब, सारे गाव को मालूम है. तुम्हारे बाकी पोरगे लोगों को लगता होगा तो भेज देती मैं."

साहेबांच्या तोंडावर हसू आलं. खरं सांगतो, त्या क्षणी मी सुटलो. खोटं बोलणारी बाई साऱ्या पलटणीला भिलावा पाठवायला निघणार नाही, हे त्यांना कळलं होतं. उस्ताद मागं उभा होता, त्यानंही मान खाली घातली. मी मनात मायचे पाय धरले. एवढ्यावर फोन ठेवायला हवा होता. पण साहेब चौकस माणूस. त्यांनी सहज विचारलं की कच्च्या चामडीवरही लावतात का.

"ना साहेब, कच्ची पे कभीच नहीं," माय म्हणाली. "कच्ची पे लगाया तो पूरा पाय..."

आणि ती थांबली. फोनमधून नानांच्या जीपशेजारी कुणाची तरी बकरी ओरडत होती, तेवढंच ऐकू येत होतं. मग तिची हिंदी गेली.

"साहेब, मन्हा पोऱ्या कसा शे?"

साहेबांनी माझ्याकडं बघितलं. मी म्हटलं, सर, पूछ रही है मैं कैसा हूँ. ते म्हणाले, बता दो. मी सुजलेल्या तोंडानं फोनशी वाकलो आणि म्हटलं, बरा शे माय. ओठ सुजल्यामुळं ते नीट उमटलंसुद्धा नाही. मी अजून दोनदा म्हटलं, बूट लहान होता माय, बुटामुळं झालं. तिनं फोन नानांना दिला.

मला काढलं नाही. पण पाय बरे व्हायला इतके दिवस गेले की मागच्या बॅचमध्ये टाकलं. भूषण आणि बाकीची पोरं एके सकाळी ग्राउंडवरून शपथ घेऊन गेली, मी दवाखान्याच्या पायरीवर बसून बँड ऐकला. भूषणचे मामा-मावशी आलेले. मला भेटायला आले, चिवडा दिला. नानांनी गावात सांगितलं की परेड पुढं ढकलली. माझ्यासाठी अख्ख्या फौजेची परेड पुढं ढकलली, वा नाना. हसायलाही येतं आणि तोंडही दाखवावंसं वाटत नाही.

साहेबांच्या त्या फोननंतरच्या रविवारी मायनं एकच विचारलं. "मन्हा हातनंच व्हयनं ना?" माझ्याच हातून झालं ना. मी नाही म्हटलं. नाहीच म्हणत राहिलो. बुटाचं सांगितलं, नंबर चुकल्याचं सांगितलं, घामाचं सांगितलं. ती हं म्हणाली. मायची हं मला ठाऊक आहे, नाना चार भाडी कमी मिळाली म्हणायचे तेव्हा ती अशीच हं म्हणायची, एकही शब्द खरा न मानता. एवढ्या लांबून मी तिला काय पटवणार? जवळ असतो तर पाय तिच्या मांडीवर टाकून म्हटलं असतं, बघ, काही झालं नाही. पण बघण्यासारखे पाय तेव्हा नव्हतेच.

नंतर नानांनी सांगितलं की तिनं घरातले सगळे बिब्बे नेऊन नाल्यात टाकले. सुमनअक्का हिवाळ्यात टाचा घेऊन आली तर तिला म्हणाली, डॉक्टर मंगळवारी येतो. अक्कानं तिला वेड्यात काढलं, अगं तुझा हात आहे, मला कधी काही झालं का? माय उठून आत गेली. आता ओट्यावर रविवारी कुणी बसत नाही. बाया शिरपूरहून मलम आणतात, त्यानं भेगा भरत नाहीत म्हणून कुरकुरतात, आणि मायकडं बघतात. माय कापूस वेचायला जाते, तिच्या स्वतःच्या टाचा फाटलेल्या असतात, त्यांनाही ती काही लावत नाही.

त्या मागच्या बॅचबरोबर मी शपथ घेतली. माय-नाना आले. नवं लुगडं आलं. मंडपात माय पहिल्या रांगेत होती आणि नाना नंतर सांगत होते की तिनं वर बघितलंच नाही, परेडभर बुटांकडंच बघत होती, कुणी लंगडतंय का म्हणून. एवढ्या बुटांत माझे कुठले ते तिला कळणं शक्य नव्हतं. माझे बूट तेव्हा मुरलेले होते, साडेआठचे, मोज्यांच्या दोन जोड्या. एकही फोड नव्हता. नंतर मी तिला म्हटलं, बघ, टाच बघ, बूट काढतो. ती म्हणाली राहू दे, लोकं बघतील.

आता मी जिथं आहे तिथं बर्फ पडतो. जोडे वेगळे, पायांची काळजी वेगळी, नव्या पोरांना मी मोजे बदलायला सांगतो आणि ते ऐकत नाहीत, जसे आम्ही ऐकत नव्हतो. भूषण देशाच्या दुसऱ्या टोकाला आहे, मेसेज करतो, मेहरूणच्या तलावाचे फोटो पाठवतो, म्हणतो आठवण येते रे. मी म्हणतो मला तर गावच्या धुळीचीही येते. जे जे गेलेत त्यांना हे सांगायची गरज नाही. जे मागं राहिलेत त्यांना सांगून पटत नाही, त्यांना वाटतं आम्ही सुटलो. पण माझं घर म्हणजे नुसतं गाव नव्हतं, धूळ नव्हती. माझ्या अंगाला काय झालंय ते माझ्याआधी जिला कळायचं, ती बाई म्हणजे घर होतं. मी विचारायच्या आधी हातात काहीतरी द्यायची, कडू, तिखट, झोंबणारं, आणि मी तोंड वाकडं करून घ्यायचो. ते घर आता आहे तिथंच आहे, माय धडधाकट आहे, चूलही पेटते. मला तिथं जाता येत नाही, रजा मिळाली तरी.

मागच्या रजेत मला ताप आला. साधाच, हवा बदलली की येतो तसा, घसा धरलेला. संध्याकाळी मी खाटेवर पडलो होतो. पूर्वी मी शिंकलो तरी चुलीवर काहीतरी उकळायला लागायचं. माय दारात येऊन उभी राहिली. कपाळाला हात लावायला पुढं आली आणि मधेच थांबली, हात पदराला पुसत राहिली. म्हणाली, तुमच्या डॉक्टरला फोन लाव. मी म्हटलं, एवढ्याशा तापाला डॉक्टर कशाला, तू दे ना काहीतरी.

"काय देऊ? तूच सांग," ती म्हणाली. "मले आते समजत नही."

मी काढा कर म्हटलं. ती चुलीशी गेली आणि तिथून एकेक विचारत राहिली. तुळस टाकू का? गूळ चालेल का तुला? मी हो, हो म्हणत होतो. मग तिनं आल्याचा तुकडा बोटांत धरून मला दाखवला आणि विचारलं, एवढं टाकू की कमी? काढ्यात आलं किती घालतात ते मला माहीत नव्हतं. मी अंदाजानं सांगितलं, आणि तिनं तेवढंच घातलं.